पाव से जास्ती नक्को

डिझेलच्या धंद्यातला माणूस नखशिखान्त काळा असतो, असा एक समज आहे. डिझेल गाड्यांचे पंप दुरुस्त करायच्या आमच्या पंपरूममध्ये आलेल्या माणसाचा हा समज दारातच दूर होई, कारण चपला काढल्याशिवाय आम्ही कुणालाच आत घेत नसू. सिकंदराबादला राणीगंजच्या गल्लीत, दोन्ही बाजूंना ग्रीस, भंगार आणि पानाच्या पिचकाऱ्या, आणि मध्ये आमची पांढऱ्या टाइल्सची खोली. दारावर मी स्वतः रंगवलेली पाटी होती, मराठी, तेलुगू आणि उर्दूत. एकदा एका कंत्राटदाराची म्हातारी आई मुलासोबत आली. चपला काढून, पदर सावरून आत शिरली, बेंचवर बसवलेल्या पंपाला हात जोडले आणि तीर्थासाठी ओंजळ पुढे केली. माझे भागीदार गफूरभाई यांनी तिला गार पाणी दिलं. तिनं ते डोळ्यांना लावून प्यायलं. त्या पंपाचं काम पुढं दहा वर्षं निघालं नाही, यात आमचं कर्तृत्व किती आणि तिच्या श्रद्धेचं किती, हे मला अजून सांगता येत नाही.

इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी 'तुमच्या कामाबद्दल काहीतरी लिहा' असा निरोप आला तेव्हा मी घाबरलो. आमचं घराणं भालकीकडचं, शेतकऱ्याचं. मी शिकलो उर्दू-तेलुगू कानावर घेत, माझं मराठी घरापुरतं. पण नात म्हणाली, 'आजोबा, गाडी जोरात कशी पळवायची ते लिहा, लोक वाचतील.' तेव्हा तेच सांगतो.

पेट्रोलच्या गाडीत ठिणगी पडते, डिझेलच्या गाडीत पडत नाही. इथं हवा इतकी दाबतात की ती तापते, आणि त्या तापलेल्या हवेत डिझेलचा फवारा मारला की ते आपोआप पेटतं. हा फवारा नेमक्या वेळी, नेमका तेवढाच मारायचं काम पंपाचं. पंपाच्या आतले दांडे इतके घट्ट बसलेले असतात की मध्ये केससुद्धा जाणार नाही. धुळीचा एक कण गेला की खेळ खलास. म्हणून चपला बाहेर. बेंचवर मोटर पंप फिरवते आणि समोर काचेच्या चार नळ्या भरत जातात. चारही नळ्यांत डिझेल एका पातळीला आलं पाहिजे. एक जरी नळी मागे राहिली तर इंजिन लंगडतं. या नळ्यांकडे बघत माझी चौतीस वर्षं गेली.

आता जोर कसा वाढवायचा? नोझल साफ करायचे, फवारा धुक्यासारखा होईपर्यंत त्यांच्या मागे लागायचं, डिझेल एक केसभर आधी सुटेल असं टायमिंग बांधायचं. हे सगळं झालं की शेवटी उरतो एक स्क्रू. पंपाच्या मागे असतो, तारेनं बांधून वर शिशाचं सील मारलेलं असतं. पेडल पूर्ण दाबलं तर जास्तीत जास्त किती डिझेल जाईल, हे तो ठरवतो. तो उघडला की गाडी पळते. जास्त उघडला की हवा पुरत नाही, मागून काळा धूर निघतो आणि पुढं इंजिन तापून पिस्टन वितळतात. माझा नियम होता पाव फेरा. फेऱ्याचा चौथा हिस्सा. त्यापुढं मी जात नसे, मग गिऱ्हाईक कोणी का असेना.

आणि गिऱ्हाइकं तेव्हा नाना परीची होती. नवं आर्थिक धोरण आलं आणि दोन-चार वर्षांत हैदराबादच्या रस्त्यांवर अशा गाड्या दिसू लागल्या ज्यांची नावं आमच्या गफूरभाईंच्या जिभेवर बसेनात. त्या बघून जुन्या डिझेलवाल्यांच्या पोटात दुखू लागलं. तोवर डिझेल गाडी म्हणजे पोहोचवणारी गाडी. आता ती पळायलाही हवी होती. नल्लकुंट्याच्या एक प्राध्यापिका यायच्या. त्यांना रोज सकाळी बरकतपुऱ्याच्या वळणावर एकच सिटी बस आडवी यायची. 'मला जगात बाकी कुणाच्या पुढं जायचं नाही हो, फक्त त्या बसच्या,' असं म्हणाल्या होत्या. पाव फेऱ्यात त्यांचं काम झालं. आठवड्यानं पेढे घेऊन आल्या.

हे जोर वाढवायचं काम आम्ही दोघं करायचो. मी पंप बांधायचा आणि गफूरभाईंनी गाडी रस्त्यावर पळवून बघायची. गफूरभाई माझे पस्तीस वर्षांचे सोबती. पंपरूममध्ये मी सांगेन ते ते ऐकत, रस्त्यावर ते सांगतील ते मी ऐके. परत आले की निकाल दोन शब्दांत. 'दम है' किंवा 'दम नै'.

वकीलसाहेबांची गोष्ट याच काळातली.

वकीलसाहेब बरकतपुऱ्याचे, तीन पिढ्यांची वकिली. बोलणं मराठी, त्यात कोर्टातलं उर्दू. गाडी पांढरी अँबॅसिडर, पण तिच्या पोटात भंगारवाल्याकडून आणून बसवलेलं जपानी डिझेल इंजिन. दारात बूट काढून, पायमोजे तसेच ठेवून ते स्टुलावर बसले आणि केस मांडावी तसं त्यांनी सगळं मांडलं.

'बिरादार, दर अनंत चतुर्दशीला आम्ही अनंतगिरीला जातो. आमचं अनंताचं व्रत आहे. माझे मेहुणेही सिकंदराबादहून येतात. विकाराबादच्या पुढं घाट लागतो. देवळाच्या पायऱ्यांशी आधी कोण पोचतं, ही आमची बारा वर्षांची चुरस आहे. गेली दोन वर्षं मी हरतोय.'

'नवी गाडी घेतली त्यांनी?'

'गेल्याच्या गेल्या वर्षी. पेट्रोल. मी पोचतो तोवर ते दर्शन घेऊन पत्रावळीवर बसलेले असतात. आणि वर म्हणतात, या वकीलसाहेब, आमटी गार होतेय.' त्यांनी खिशातून रुमाल काढून कपाळ पुसलं. 'शिरीष म्हणतो, पपा, हे डबडं विका. मी त्याला शब्द दिलाय, यंदा हरलो तर विकतो.'

शिरीष म्हणजे त्यांचा मुलगा. त्याला नवी गाडी हवी होती आणि ती स्वतः चालवायची होती.

हे सगळं चाललं होतं तेव्हा दाराबाहेर, चपला हातात धरून, त्यांचा ड्रायव्हर नरसिंहुलु उभा होता. उंच, काटकुळा, इस्त्रीचा पांढरा शर्ट. बावीस वर्षं वकीलसाहेबांकडे. माणूस असा की सांगितलेल्या शब्दाच्या अलीकडं नाही की पलीकडं नाही. साहेब 'दहा मिनिटांत येतो' म्हणाले तर अकराव्या मिनिटाला याला काळजी लागायची. साहेब गाडीत जाऊन बसल्यावर तो मागं रेंगाळला आणि मला हळूच म्हणाला, 'मेस्त्री, ये गाडी गई तो मैं भी गया. नई गाडी छोटेसाब खुद चलाते बोल रए. पच्चास के ऊपर मेरेकू कौन रखता?'

त्या दिवसापासून ही गाडी माझ्या डोक्यात बसली. वकीलसाहेबांच्या आमटीशी मला देणंघेणं नव्हतं. पण या माणसाची भाकरी माझ्या स्क्रूवर टांगली आहे, असं मला वाटू लागलं.

पंप उतरवला, बेंचवर चढवला, चारही नळ्या एका पातळीला आणल्या. नोझल नवे टाकले. शेवटी स्क्रू पाव फेरा उघडला. गफूरभाई गाडी हुसेनसागरला वळसा घालून घेऊन आले ते मिशीत हसतच. 'दम है मियाँ. बुड्ढी कू पर निकले.' म्हातारीला पंख फुटले म्हणे. नरसिंहुलुला किल्ली देताना मी नेहमीप्रमाणे ताकीद दिली, चेहरा गंभीर करून. 'देखो नरसिंहुलु, पाव खोला मैं. बस. पाव से जास्ती नक्को. जास्ती हुआ तो पिस्टन पिघल जाते. समझे?'

'समझा मेस्त्री.'

चार दिवसांनी वकीलसाहेबांचा फोन. 'बिरादार, हे काय केलंत? आधी बरी होती! काल नारायणगुड्याला मला एका सायकलवाल्यानं मागं टाकलं. सायकलवाल्यानं!'

गाडी परत आली. गफूरभाई घेऊन गेले, सुसाट परत आले. 'दम है.' नरसिंहुलु घेऊन गेला की दम नै. मी पंप पुन्हा उतरवला, पुन्हा नळ्या, सगळं चोख. रात्री मला जेवण जाईना. सौ. म्हणाली, 'कुणाची गाडी आहे एवढी?' मी म्हटलं, 'एका ड्रायव्हरची.' शेवटी मी आयुष्यात पहिल्यांदा नियम मोडला. आणखी पाव फेरा उघडला. अर्धा झाला. गफूरभाईंना सांगितलं तेव्हा त्यांनी वाकून तो स्क्रू स्वतः बघितला.

दोन दिवसांनी पुन्हा फोन. आता गाडी त्याहूनही हळू चालत होती. चतुर्दशी तीन दिवसांवर.

या वेळी मी कुणाला पाठवलं नाही. स्वतः नरसिंहुलुशेजारी बसलो आणि म्हटलं, चल बंजारा हिल्सला, चढावर बघू. चढ लागला. एक ऑटो आमच्या पुढं गेला, त्यात शाळेची सात-आठ पोरं कोंबलेली. त्यांनी मागं वळून आम्हाला टाटा केलं. नरसिंहुलु दोन्ही हातांनी स्टीअरिंग धरून, घाम पुसत, अगदी मन लावून चालवत होता.

'दबाओ की!' मी म्हटलं.

'दबाया मेस्त्री.'

'पूरा दबाओ.'

'इत्ताच दबता.'

मी वाकून खाली बघितलं. ॲक्सिलरेटरच्या पेडलखाली निळ्या हवाई चपलेच्या तळव्याचे तीन तुकडे, एकावर एक ठेवून सुतळीनं बांधलेले. पेडल बोटभराच्या खाली जाऊच शकत नव्हतं.

'ये क्या है?'

तो माझ्याकडे असा बघू लागला, जणू मीच विसरभोळा झालो आहे. 'तुमीच तो बोले ना मेस्त्री. पाव से जास्ती नक्को. पैले मैं ध्यान से हल्का दबाता था. मगर साहेब पीछे से चिल्लाते तो पाव आपोआप दब जाता. पिस्टन पिघल गए तो? इसके वास्ते बांध लिया.'

मराठीत पाव म्हणजे चौथा हिस्सा. दख्खनीतही तोच. पण दख्खनीत पायाला पाँव म्हणतात आणि त्यातला नाकातला उच्चार आम्ही हैदराबाद्यांनी कधीच गिळून टाकलेला आहे. मी त्याला स्क्रूचं सांगत होतो, तो पायाचं ऐकत होता. मला हसू आलं ते थांबेना. गाडी कडेला घ्यायला लावली, खाली उतरलो, बॉनेटला टेकून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो. तो बिचारा आधी गोंधळला, मग समजावून सांगितल्यावर लाजला आणि मग आम्ही दोघं मिळून हसलो. सुतळी कापली. तो पुन्हा बसला आणि त्यानं भीत भीत पाय खाली नेला. गाडीनं अशी उडी घेतली की माझं डोकं मागं आदळलं. पोरं उतरवत, थांबत चाललेला तो ऑटो आम्ही वरच्या वळणाआधी गाठला. टाटा करायची पाळी आता आमची होती.

इथं मला थांबायला हवं होतं. भानगड समजली होती, तेव्हा दुसऱ्यांदा उघडलेला पाव फेरा परत घेणं माझं काम होतं. गफूरभाई तसं म्हणालेही. 'वापस लो मियाँ. पाव में बी जीत जाते वो.' पण चढावर ती उडी मी अनुभवली होती. इतकी वर्षं लोकांना पाव फेरा, पाव फेरा सांगत आलो, एकदा तरी आपलं काम पूर्ण उघडून बघावं, असा मोह मला झाला. नरसिंहुलुच्या नोकरीचं कारण पुढं केलं आणि स्क्रू तसाच ठेवला. म्हटलं, चतुर्दशी होऊ दे, मग कमी करू.

चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी नरसिंहुलु पंपरूममध्ये आला. कधी नव्हे तो आत येऊन बसला आणि सांगू लागला. शहरात विसर्जनाच्या मिरवणुकीनं रस्ते बंद व्हायच्या आत, उजाडता उजाडता ते निघाले. विकाराबादला मेहुण्यांची गव्हाळ रंगाची नवी गाडी गाठ पडली. चहा झाला, टोमणे झाले. घाट सुरू झाला तेव्हा मेहुणे पुढं होते. दुसऱ्या वळणावर वकीलसाहेब मागून ओरडले, 'दाब!' आणि नरसिंहुलुनं दाबलं.

'पूरा, मेस्त्री. पूरा पाव. बाईस साल में पैली बार.' त्यानं बसल्या बसल्या पाय फरशीवर दाबून दाखवला. त्याचे डोळे चमकत होते.

पुढं जे झालं त्यात माझ्या जास्तीच्या पाव फेऱ्याचा हात होता. गाडी मेहुण्यांच्या पुढं निघाली आणि तिनं मागं असा काळा धूर सोडला की घाटात अंधारून आलं. मेहुण्यांच्या गाडीच्या काचा उघड्या होत्या. पायऱ्यांशी ती पोचली तेव्हा गव्हाळ गाडी सावळी झाली होती आणि मेहुण्यांच्या सौभाग्यवतींची मोतिया रंगाची रेशमी साडी कुठल्या रंगाची आहे, हे देवालाही सांगता आलं नसतं. वकीलसाहेब पायरीवर बसून त्यांची वाटच बघत होते. 'या, आमटी गार होतेय!' स्वैपाक अजून व्हायचाच होता. नरसिंहुलुला त्यांनी देवाच्या पुढ्यात मिठी मारली, म्हणे. बावीस वर्षांत हेही पहिल्यांदाच.

आम्ही तिघांनी चहा घेतला. मी स्क्रू पाव फेरा मागं घेतला, नवं सील मारलं आणि मला वाटलं, या माणसाची नोकरी आपण वाचवली. खूप अभिमान वाटला. खोटं कशाला बोलू.

आठ-दहा दिवसांनी वकीलसाहेब आले. हातात बालूशाहीचा पुडा.

'बिरादार, गाडी विकली.'

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. 'पण साहेब, तुम्ही जिंकलात.'

'म्हणूनच तर!' ते खुशीत होते. 'हरून विकली असती तर मेहुण्यांना जन्मभर तोंड दाखवता आलं नसतं. गेली दोन वर्षं शिरीष मागं लागलाय, पण मन घेत नव्हतं. आता इज्जतीत विकली. उद्या नवी येते. शिरीषच चालवणार.'

मी गफूरभाईंकडे बघितलं. दोघांच्याही मनात एकच आलं होतं. हा माणूस हरला असता तर शब्द फिरवून म्हणाला असता, आणखी एक वर्ष. आणि पुढच्या वर्षी आणखी एक. हट्टी माणूस, हरत राहिला असता आणि गाडी ठेवत राहिला असता. आम्ही त्याला जिंकून दिलं आणि मोकळं केलं.

'आणि नरसिंहुलु?' मी विचारलं.

'त्याचं बघू काहीतरी. मी त्याला सांगितलंय, परसों आके मिलो म्हणून.'

बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगायला हवं. तुमचा परवा म्हणजे उद्याच्या पुढचा दिवस, किंवा कालच्या मागचा. हैदराबादच्या परसोंला असा काही धरबंध नाही. परसों मेरी शादी हुई म्हणणाऱ्याला नातवंडं असू शकतात. परसों देता हूँ म्हणणाऱ्याकडे कुणी फिरकत नाही. बोलणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला दोघांनाही ते ठाऊक असतं, आणि त्यात कुणाचा अपमान होत नाही. गफूरभाई उठले आणि पुसलेल्याच नळ्या पुन्हा पुसू लागले. बालूशाही कुणी उघडली नाही.

आमचं घर नल्लकुंट्यात, बरकतपुरा वाटेवरच. दोन दिवसांनी सकाळी साडेनऊला स्कूटरवर कामाला निघालो आणि का कोण जाणे, वकीलसाहेबांच्या गल्लीत वळलो. फाटकात नवी गाडी उभी होती, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, आरशाला झेंडूचा हार. तिच्याजवळ नरसिंहुलु. दाढी घोटून केलेली, कडक इस्त्रीचा शर्ट. स्वतःच्या रुमालानं तो गाडीची पुढची काच पुसत होता.

'यहाँ कैसे नरसिंहुलु?'

'साहेब बुलाए मेस्त्री. परसों आओ बोले.' त्यानं रुमालाची घडी घातली. 'आज परसों है.'

तो जन्मानं हैदराबादी. परसों म्हणजे काय, हे त्यालाही माहीत असणारच. मी त्याच्या तोंडाकडे बघितलं, तो फाटकाकडे बघत होता.

'अब्बी बुलाते,' तो म्हणाला.

बंजारा हिल्सच्या चढावर मी त्याला एका शब्दाचा अर्थ किती हसत हसत समजावून सांगितला होता. या शब्दाचा सांगायची माझी हिंमत झाली नाही. मी स्कूटर स्टँडवर लावली आणि त्याच्या शेजारी उभा राहिलो. त्या दिवशी पंपरूम साडेबारानंतर उघडली.